मंगळवारी माग बंद

पुढल्या मंगळवारी आमच्या गल्लीत दिवसभर वीज नाही,
लाईनमन सांगून गेला.
माग बंद म्हणजे मीही बंद.
तर मालन म्हणाली, जाऊया की मग.
भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

कुठे, ते विचारावं लागलं नाही.
गोव्याच्या वाटेवर तो फलक आहे :
काचेच्या बोगद्यातून चालणारी माणसं
आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारा बसएवढा मासा.
तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाला जाताना तिनं पाहिलेला.
चोर्ल्याच्या वळणांवर ओकारी आवरत
एवढंच बोलली होती,
आत शिरायला किती घेत असतील?

चोवीस वर्षांत आम्ही पुष्कळ फिरलो.
सौंदत्तीला, जोतिबाला,
मिरजेला तिच्या गुडघ्यासाठी,
बारशांना, बाराव्यांना.
कुणाचं काहीच नसताना
असेच उठून
कधी निघालो नव्हतो.

फोन लावला. पलीकडे एक पोरगी, आवाज धुतल्यासारखा.
कपल आहात का, सर?
मी म्हटलं, नाही हो, नवरा-बायको.
तेच ते, सर.
दोघांचं मिळून तिकीट स्वस्त पडतं म्हणाली.
डॉल्फिन नाहीत, ते ठेवायला बंदी आहे.
लाटांच्या तलावात साडी चालणार नाही,
नायलॉनचे कपडे भाड्यानं मिळतील.
हे मालनला सांगितलं, तर पदर तोंडात धरून इतकी हसली
की शेजारची शेवंता भिंतीपलीकडून विचारती, काय झालं गं?

मग जकार्डचं एक जुनं कार्ड घेतलं,
मासोळीच्या काठाचं.
हा काठ आता कुणी मागत नाही.
किती हजार मासे विणले असतील या हातांनी,
सगळे एकाच दिशेला तोंड केलेले,
एकाच्याही डोळ्याला पापणी नाही.
(खऱ्या माशाला असते का? बघून यायचं.)
भोकं चुकवत पेन्सिलीनं लिहीत गेलो :

चारला उठणे.
पावणेसहाची बस. पाटी कानडीत असली तर मालन वाचेल,
ती बैलहोंगलकडची, शाळा कानडी.
घाटात तिला खिडकी, तोंडात आल्याचा तुकडा.
दशम्या, शेंगाचटणी, चिरमुरे. आत डबा नेऊ देत नाहीत
म्हणून गेटाबाहेरच खाऊन घेणे.
साडेदहा : बोगदा. दोनदा जायचं,
एकदा बघायला, एकदा नीट बघायला.
बारा : सील माशाचा खेळ, पुढं बसू नये, पाणी उडतं.
एक ते दोन सावलीत बसणे, गुडघा.
दोन : समुद्री घोडे.
साडेतीन : बस.
खाली पैशांची बेरीज. तिच्या खाली, शंभर जास्त,
कशाला ते लिहिलं नाही.

कार्ड आरशाला खोचून ठेवलं.
सकाळी बघतो तर कडेला एक ओळ जास्तीची,
वळणदार, कानडीतली.
बाजारातली कानडी येते मला, पाट्याही वाचतो,
खरं एकेक अक्षर लावून.
चहा निवला, तोवर लागलं :
समुद्र कधी?

खरंच की.
काच होती, तिकीट होतं,
मिठाचं पाणी टाकीत भरून ठेवलेलं होतं,
आणि त्या भिंतीपासून दोन कोसांवर
तो होता, फुकट,
माझ्या यादीत नव्हता.

लग्नाला गेलो तेव्हाही लांबूनच दिसला होता,
बसच्या खिडकीतून, माडांच्या मधून,
धोटा सरकावा तसा
आला, गेला.

आता बसलोय खोडरबर घेऊन.
सील मासा काढावा म्हटलं, तर मालन म्हणती, नको, राहू दे, बिचारा.
समुद्री घोडे तिनंच सांगितलेले.
बोगदा एकदाच करूया, मी म्हटलं.
आणि नीट बघायचं कधी?

रात्री साडेआठचीही एक बस आहे म्हणे.
घरी यायला बारा वाजतील.
बुधवारी सातला माग.
मी गप्प.
ती तांदूळ निवडती आहे.

वाजू देत की बारा, म्हणती,
वाट बघणारं कोण आहे?
मग स्वतःच थांबते, सुपातला खडा बघते,
आणि कार्डावर, मराठीत यावेळी,
मोठ्या अक्षरांत लिहिते :
चप्पल हातात घेणे.